एकाच माणसाचे दोन पेपर: कोसंबी, प्राइस आणि सायटेशनचा हिशोब

मांजरीत आम्ही तिघं पीएच.डी.वाले एका फ्लॅटमध्ये राहतो. माझा विषय संख्याशास्त्र, आणि माझा एक रूममेट पिकांच्या आनुवंशिकीवर काम करतो. या भागात उसाची, द्राक्षाची संशोधन केंद्रं असल्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर जनुकांच्या गप्पा फार होतात. एका रात्री तो लॅपटॉपवर लिंकेज मॅप काढत बसला होता. सॉफ्टवेअरने त्याला पर्याय दिला: हाल्डेन की कोसंबी? त्याने सवयीने कोसंबीवर क्लिक केलं आणि मला विचारलं, "हा कोसंबी कुठला रे? नाव जपानी वाटतं."

मी म्हटलं, "अरे, फर्ग्युसनचा. इथून पंधरा-वीस किलोमीटरवर शिकवायचा."

तो हसला. मग मी माझ्या थीसिसचं दुसरं प्रकरण उघडलं आणि माझंच हसू थांबलं. मी ज्या प्रमेयावर सगळं काम उभं केलं आहे, ते त्याच कोसंबींनी त्याच सुमारास छापलं होतं, आणि माझ्या प्रकरणात त्यांचं नाव एकदाही नव्हतं. तिथे होतं कारहुनेन-लोएव्ह प्रमेय. सगळे तसंच लिहितात, म्हणून मीही तसंच लिहिलं.

एकच माणूस, एकच गाव, जवळपास एकच वर्ष. एका पेपरमुळे नाव जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं, दुसऱ्यातून नाव गळून पडलं. हे असं का होतं, यावर गेली शंभर वर्षं लोक गणित करत आलेत. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट देऊन संशोधनात येणार आहेत, त्यांना सायटेशन, एच-इंडेक्स हे शब्द पहिल्या महिन्यापासून ऐकावे लागतील. म्हणून त्या आकड्यांच्या मागचा इतिहास आधी बघू, मग कोसंबींकडे परत येऊ.

सुरुवात सिंगापूरला होते. डेरेक डी सोला प्राइस हा मूळचा भौतिकशास्त्राचा पीएच.डी., दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात गणित शिकवायला गेला. कॉलेजात रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चे १६६५ पासूनचे खंड आले होते आणि ग्रंथालयाची इमारत बांधून व्हायची होती. प्राइसने ते खंड घरी नेले आणि पलंगाशेजारच्या कपाटात दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून भिंतीला लावून ठेवले. गठ्ठ्यांची उंची बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती चक्रवाढीने वाढतेय. विज्ञानाचा इतिहास मोजता येतो, ही कल्पना त्याला तिथे सुचली. १९५० मध्ये त्याने ती विज्ञानेतिहासाच्या परिषदेत मांडली तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. (शोधाला उशिरा दाद मिळणं, हे या विषयाच्या कुंडलीतच लिहिलेलं दिसतं.)

पेपर सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत, हे त्याआधीच माहीत होतं. १९२६ मध्ये आल्फ्रेड लोटकाने दाखवलं होतं की एखाद्या क्षेत्रात एकच पेपर लिहिणारे १०० जण असतील, तर दोन पेपर लिहिणारे साधारण २५ आणि तीन लिहिणारे ११ सापडतात. म्हणजे वर्गाच्या प्रमाणात घट. प्राइसने १९६५ मध्ये सायटेशनकडे मोर्चा वळवला. तेव्हा अस्तित्वात असलेल्या पेपरांपैकी कुठल्याही एका वर्षात सुमारे ३५ टक्क्यांचा कोणीच उल्लेख करत नाही आणि आणखी ४९ टक्क्यांचा एकदाच होतो, असा त्याचा अंदाज होता. उरलेल्या थोड्यांवर सगळी गर्दी.

गर्दी का होते? १९७६ मध्ये प्राइसने त्याचं गणित मांडलं आणि त्याला नाव दिलं संचयी लाभ, म्हणजे साचत जाणारा फायदा. आपल्याकडे आजी एका वाक्यात सांगते: पैशाकडे पैसा जातो. प्राइसचा नियमही तेवढाच साधा आहे. नव्या पेपरने जुन्या पेपराचा उल्लेख करण्याची शक्यता, त्या जुन्या पेपराला आधी मिळालेल्या उल्लेखांमध्ये एक मिळवून जी संख्या येते, तिच्या प्रमाणात असते. हा 'एक' महत्त्वाचा आहे. तो नसता तर शून्य उल्लेखांच्या पेपराला कधीच पहिला उल्लेख मिळाला नसता. छापून आलात एवढ्यावर तुम्हाला सोडतीचं एक तिकीट मिळतं. ज्याला आधी नऊ उल्लेख आहेत त्याच्याकडे दहा तिकिटं असतात.

यात कुठेही 'चांगला पेपर' हा शब्द आलेला नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही पेपर अगदी सारख्या दर्जाचे धरले तरी हा नियम प्रचंड विषमता तयार करतो. ते कसं, हे बघायला एक घरगुती खेळ आहे. गणितात त्याला पोल्याचा कलश म्हणतात. डब्यात एक लाल आणि एक काळा मणी टाका. न बघता एक काढा, तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक टाका. पुन्हा काढा. दोन वेळा काढल्यावर काय होईल ते कागदावर करून बघा: दोन्ही वेळा लाल येण्याची शक्यता अर्धा गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे एक तृतीयांश. दोन्ही वेळा काळा, तीही एक तृतीयांश. एकदा लाल, एकदा काळा, तीही एक तृतीयांश. आता हे हजार वेळा केलं तर? आपल्याला वाटतं शेवटी अर्धे-अर्धे होतील. होत नाहीत. शेवटी लाल मण्यांचा वाटा ५ टक्के असो, ५० असो की ९५, सगळे निकाल सारखेच संभाव्य असतात. आणि एका डब्यात एकदा वाटा ठरला की तो पुढे फारसा हलत नाही. पहिल्या दहा-पंधरा खेपांत जे झालं ते कायमचं साचतं.

कोर्सवर्कमध्ये मी हे लॅपटॉपवर चालवून बघितलं होतं, दहा ओळींचा कोड आहे. वीस डबे चालवले, वीस वेगळे निकाल. त्यातल्या कुठल्याही एका डब्याकडे बघून कोणी म्हणालं असतं, "बघा, लाल मण्यात काहीतरी खास आहे", तर तो माणूस गोष्ट रचत असता. शेवटच्या आकड्यावरून सुरुवातीचा दर्जा उलट वाचता येत नाही. मला वाटतं प्राइसच्या गणितातली संशोधक विद्यार्थ्याच्या सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याही ओरिएंटेशनमध्ये सांगत नाहीत.

समाजशास्त्राच्या बाजूने हेच १९६८ मध्ये रॉबर्ट मर्टनने मांडलं होतं. नोबेल मिळालेल्याला सहकाऱ्यांच्या कामाचंही श्रेय मिळतं, नवख्याला स्वतःच्या कामाचंही मिळत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी दिलं जाईल, या अर्थाच्या बायबलमधल्या वचनावरून त्याने याला मॅथ्यू इफेक्ट म्हटलं. आता गंमत बघा. तो लेख हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. लेखावर नाव एकट्या मर्टनचं. हा लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे त्याने पुढे स्वतःच लिहून कबूल केलं. पण तोपर्यंत मणी साचले होते.

प्राइसचंही तेच झालं. १९९९ मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी 'सायन्स'मध्ये जाळ्यांवरचा पेपर लिहिला. ज्याला जास्त जोडण्या आहेत त्यालाच नवीन जोडण्या मिळतात, ही त्यातली मुख्य कल्पना. तीच कल्पना प्राइसने २३ वर्षं आधी मांडली होती, त्याच्याही आधी १९५५ मध्ये हर्बर्ट सायमनने, आणि १९२५ मध्ये यूलने उत्क्रांतीच्या संदर्भात. पण आज विद्यार्थ्याला आधी माहीत होतं ते बाराबाशीचं नाव. श्रेय कसं चुकीच्या घरी जातं हे सांगणाऱ्या सिद्धांताचं श्रेयही चुकीच्याच घरी गेलं.

आता फर्ग्युसनकडे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. गोव्यात १९०७ चा जन्म, हार्वर्डचे पदवीधर, बनारस आणि अलीगढला शिकवून १९३३ मध्ये फर्ग्युसनला गणिताचे प्राध्यापक. तिथे ते १९४५ पर्यंत होते, नंतर टीआयएफआरमध्ये, आणि त्या काळात पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करायचे.

१९४३ मध्ये त्यांनी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या सातव्या खंडात तेरा पानांचा पेपर छापला, विषय 'फलनांच्या अवकाशातलं संख्याशास्त्र'. त्याचा गाभा माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. समजा तुमच्याकडे पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी आहेत आणि दर वर्षी जून ते सप्टेंबर पाऊस कसा साचत गेला याची एक वक्ररेषा आहे. म्हणजे पन्नास वेडीवाकडी वळणं. ही सगळी वळणं मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेतून तयार होतात असं दाखवता येईल का? एक आकार 'एकूण कमी-जास्त', एक 'उशिरा सुरू झाला', एक 'मध्येच खंड पडला', असं. आणि प्रत्येक वर्षासाठी या आकारांचे जे गुणक येतील, त्यांचा एकमेकांशी सहसंबंध नसावा. असे आकार कसे काढायचे हे सांगणारं प्रमेय ते हेच. आज चेहरे ओळखणं, चित्रं कमी जागेत साठवणं, हवेतल्या खळबळीचा अभ्यास, सगळीकडे ते लागतं.

फिनलंडच्या कारी कारहुनेनचे पेपर आले १९४६-४७ मध्ये. मिशेल लोएव्हचं काम १९४८ मध्ये पॉल लेव्हीच्या पुस्तकाला जोडून आलं. मध्ये १९४७ साली कॅक आणि सीगर्ट यांनीही अशीच मांडणी केली. म्हणजे कोसंबी सगळ्यांच्या आधी होते, पण त्यांचं नाव जोडलं गेलं नाही.

दुसरा पेपर चार पानांचा. 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'चा बारावा खंड, लंडन. दोन जनुकांमध्ये पुनर्संयोग किती टक्के होतो ते प्रयोगात मोजता येतं, पण त्यावरून गुणसूत्रावरचं अंतर काढायचं तर सूत्र लागतं. हाल्डेनचं १९१९ चं सूत्र असं मानतं की एका जागची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवत नाही. प्रत्यक्षात ती अडवते. कोसंबींनी हा अडथळा धरून दुसरं सूत्र दिलं. पुनर्संयोग ३० टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर येतं सुमारे ४५.८ सेंटीमॉर्गन, कोसंबींच्या सूत्राने ३४.७. पाच टक्क्यांच्या आसपास दोघांत जेमतेम पाव सेंटीमॉर्गनचा फरक. आज गव्हापासून द्राक्षापर्यंत मॅप काढणारा माणूस हे सूत्र वापरतो आणि ते 'कोसंबी' याच नावाने वापरतो, भले नाव जपानी वाटो.

या दोन पेपरांची तुलना करणारे बहुतेक जण एक सरळ कारण सांगतात. एक लंडनच्या जर्नलमध्ये आला, आर. ए. फिशर ज्याचे बराच काळ संपादक होते त्यात. दुसरा हिंदुस्थानातल्या जर्नलमध्ये, ऐन महायुद्धात. म्हणून एक दिसला, एक दिसला नाही. प्राइसच्या भाषेत, तिकीट दोघांकडे होतं, पण एकाचं तिकीट सोडतीच्या डब्यात पडलंच नाही.

मलाही आधी हे पटलं होतं. राग यायला सोपं कारण आहे. पण दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे कारहुनेनचे पेपर कुठे आले? फिनिश विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात, जर्मन भाषेत. १९४६ मध्ये हेलसिंकी काही गणिताची राजधानी नव्हती. आणि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं जर्नल म्हणजे काही गल्लीतलं मासिक नव्हे. रामानुजनचा पहिला पेपर १९११ मध्ये त्यातच छापून आला. या सोसायटीचं ग्रंथालय अनेक वर्षं फर्ग्युसन कॉलेजातच होतं, म्हणजे कोसंबींनी घरच्याच जर्नलला पेपर दिला. रामानुजनचं नाव पुढे गेलं ते १९१३ मध्ये हार्डीला पत्र गेल्यावर. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय कापरेकरांचंही तसंच: ६१७४ या संख्येवर ते १९४९ पासून बोलत होते, जगाने ऐकलं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने आपल्या सदरात लिहिल्यावर. तेव्हा जर्नल कुठलं यापेक्षा, पहिला मणी कोणी उचलला आणि तो पुन्हा पुन्हा कोण उचलत राहिलं, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

कारहुनेनसाठी ते काम लोएव्हने केलं. लोएव्ह बर्कलेला गेला, १९५५ मध्ये त्याचं संभाव्यतेवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक आलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ते प्रमेय त्या पुस्तकातून शिकले. पाठ्यपुस्तक म्हणजे मणी टाकायचं यंत्रच. कोसंबींनी या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलं नाही. चाळीसच्या दशकात ते तराजू घेऊन आहत नाण्यांची वजनं करत होते, नाणी हाताळून किती झिजली यावरून ती किती काळ चलनात होती हे काढत होते. त्यातून पुढे त्यांचा इतिहास उभा राहिला. तोटा कोणाचा झाला हे सांगणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट गरजेची. आनुवंशिकीवाल्याला दर प्रयोगानंतर टक्क्याचं अंतर करावंच लागतं. सूत्र चार पानांत, कागद-पेन्सिलीवर होणारं. म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी डब्यात हात घालणार. उलट १९४३ मध्ये त्या दुसऱ्या प्रमेयाची गरज कोणाला होती? आकार काढायला जी आकडेमोड लागते ती हाताने करणं जवळपास अशक्य. गरज निर्माण झाली संगणक आणि दूरसंचाराच्या काळात, आणि तेव्हा टेबलावर लोएव्हचं पुस्तक होतं. दीर्घकाळ झोपून मग जागे होणाऱ्या पेपरांना २००४ मध्ये फान रान या अभ्यासकाने 'झोपलेल्या सुंदरी' म्हटलं. कोसंबींच्या पेपराचं त्याहून वाईट झालं. कल्पना जागी झाली तेव्हा तिचं आडनाव बदललेलं होतं.

त्यांच्या स्वभावाचाही थोडा हात असावा. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकाशी संबंधित दावा चक्क कृषी-संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापला, तो टिकला नाही, आणि गणितज्ञांमधली त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये टीआयएफआरने करार वाढवला नाही. नंतरचे काही पेपर त्यांनी एस. डुक्रे या टोपणनावाने लिहिले. साचलेला फायदा जसा वाढतो तसा साचलेला अविश्वासही वाढतो. प्राइसच्या समीकरणात वजाबाकी नाही, ही मला त्याची मोठी उणीव वाटते. आणि टोपणनावावरून आठवलं: १९३१ मध्ये याच कोसंबींनी आंद्रे व्हेलच्या सांगण्यावरून 'बूर्बाकी' नावाच्या काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देत एक पेपर छापला होता. पुढे फ्रान्समध्ये व्हेल आणि मित्रांनी तेच नाव घेतलं आणि बूर्बाकी विसाव्या शतकातलं गणितातलं एक बलाढ्य नाव झालं. जो माणूस अस्तित्वातच नव्हता त्याच्याकडे सगळ्यात जास्त मणी!

नाव परत जोडण्याची सुरुवात बऱ्याच उशिरा झाली. २०११ मध्ये रोद्दम नरसिंह यांनी 'रेझोनन्स'मध्ये या पेपरावर लेख लिहिला. ते वैमानिकशास्त्रातले, त्यांना हे प्रमेय खळबळीच्या अभ्यासातून ओळखीचं होतं. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला कोसंबींच्या गणिती लेखांचा संग्रह आला. आता काही ठिकाणी कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असं तिहेरी नाव दिसतं.

बाकीच्या ठिकाणी का दिसत नाही, याचं उत्तर थोडं लाजिरवाणं आहे. सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये संदर्भ-याद्यांतल्या छपाईच्या चुका तपासल्या. चुकीचा पान क्रमांक, चुकीचं वर्ष एका यादीतून दुसऱ्या यादीत जसंच्या तसं उतरतं. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा की उल्लेख करणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ पेपर वाचतात. बाकीचे आधीच्या यादीतून उचलतात. आणि उचलायचं म्हटलं की जे जास्त याद्यांत आहे तेच हाताला लागतं. संचयी लाभ चालवायला कुठली कटकारस्थानं लागत नाहीत. रात्री दोन वाजता सिनॉप्सिस संपवणारा विद्यार्थी पुरतो. मी तसाच होतो.

कोसंबींच्या त्या चार पानी पेपराचं वर्ष कुठल्या यादीत १९४३ दिसतं, कुठल्या यादीत १९४४. रूममेटच्या थीसिसमध्ये १९४४ होतं. मी विचारलं, कुठून घेतलंस? म्हणाला, सीनियरच्या थीसिसमधून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मूळ पेपर शोधले. त्याची चार पानं अर्ध्या तासात वाचून झाली. माझी तेरा पानं त्या संग्रहातून वाचायला चार दिवस गेले, कारण तेव्हाची चिन्हं वेगळी आहेत. दुसऱ्या प्रकरणात मी आता तिहेरी नाव लिहिलंय. गाईडने मसुद्यात त्याला गोल केला आणि समासात विचारलं, हे नाव कुठून आणलं? मी पान क्रमांक लिहून पाठवला आहे.